लॅमिनेशन की शिक्का? पॉइंटरची प्रत काढताना ‘कॉन्स्ट’ कुठे गळतो

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत व्हाइट हाउसच्या राष्ट्रीय सायबर संचालक कार्यालयाने एक अहवाल प्रसिद्ध केला. मेमरीच्या चुका मुळातच होऊ न देणाऱ्या भाषांकडे वळा, असा त्याचा आग्रह होता. ही सुरक्षितता नसलेल्या भाषांची उदाहरणं म्हणून त्यात सी आणि सी++ यांची नावं होती. ‘मग सी++ शिकायची की नाही?’ असं अभियांत्रिकीची मुलं विचारतात, तेव्हा मला वाटतं, उत्तर द्यायच्या आधी त्या भाषेत नेमकं काय निसटतं ते एकदा जवळून पाहू या.

त्यासाठी एक छोटा प्रश्न घेतो. ‘कॉपी कन्स्ट्रक्टर कॉन्स्ट रेफरन्स घेतो’ हे वाक्य परीक्षेसाठी पाठ केलं जातं आणि तिथेच सोडलं जातं. (कॉपी कन्स्ट्रक्टर म्हणजे एका वस्तूवरून तिची प्रत घडवणारं फंक्शन; रेफरन्स म्हणजे मूळ वस्तूचंच दुसरं नाव.) पण पॉइंटरभोवती आपण स्वतःचा एखादा प्रकार (टाइप) बनवला आणि त्याची प्रत काढली, की नेमक्या याच वाक्यातून एक गळती सुरू होते. कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, चूक दाखवत नाही, इशाराही देत नाही. ती गळती कुठून होते आणि कशी बुजवायची, एवढंच या लेखात आहे.

कोडमधले शब्द इथे आपण तोंडाने उच्चारतो तसे लिहिले आहेत. कीबोर्डवर ते अर्थातच रोमन लिपीत टाइप होतात.

## पत्त्याची चिठ्ठी

पॉइंटर म्हणजे मेमरीतला एक पत्ता. एका चिठ्ठीवर एखाद्या वाड्याचा पत्ता लिहिला आहे, असं समजा. चिठ्ठी खिशात मावते, वाडा मावत नाही. चिठ्ठीची झेरॉक्स काढली म्हणून वाडे दोन होत नाहीत; एकाच वाड्याकडे नेणारे कागद दोन होतात. एवढं पक्कं ध्यानात ठेवलं, की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

‘कॉन्स्ट’ म्हणजे ‘मी यात बदल करणार नाही’ असं कंपायलरकडे नोंदवलेलं वचन. ते मोडणारी ओळ लिहिली, तर कंपायलर पुढेच जात नाही. पॉइंटरच्या बाबतीत हे वचन दोन वेगळ्या जागी देता येतं आणि सगळा घोळ या दोन जागांचा आहे.

‘इंट * कॉन्स्ट’ असं लिहिलं, की चिठ्ठी बदलायची नाही. ही लॅमिनेट केलेली चिठ्ठी. तिच्यावरचा पत्ता खोडता येत नाही, पण त्या पत्त्यावर जाऊन वाड्याच्या भिंती पाडायला कुणी अडवत नाही. ‘कॉन्स्ट इंट *’ असं लिहिलं, की चिठ्ठीवर ‘फक्त पाहण्यासाठी’ असा शिक्का बसतो. पत्ता खोडून दुसरा लिहा, चालेल. पण ज्या वाड्यात जाल तिथे कशालाही हात लावायचा नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचणं. कॉन्स्ट ताऱ्याच्या (*) उजवीकडे असेल तर बंधन चिठ्ठीवर, डावीकडे असेल तर वाड्यावर.

हा शिक्का चिठ्ठीवर असतो, वाड्याच्या दारावर नसतो. शिक्क्याची चिठ्ठी हातात असलेल्याने काही बदलायचं नाही, इतकाच त्याचा अर्थ. मालकाकडे दुसरी, बिनशिक्क्याची चिठ्ठी असेल, तर तो वाड्याला रंग देऊ शकतो आणि शिक्केवाल्याला तो नवा रंग दिसेल.

## चिठ्ठीला पाकीट कशाला?

साध्या पॉइंटरला पत्त्यापलीकडे काही ठाऊक नसतं. वाडा रिकामा कुणी करायचा, पत्ता अजून खरा आहे का, एकाच वाड्याच्या किती चिठ्ठ्या बाहेर फिरताहेत, यातलं काहीच नाही. म्हणून प्रोग्रामर पॉइंटरभोवती एक क्लास बांधतात. त्याला रॅपर म्हणतात. सी++११ (भाषेची २०११ मधली आवृत्ती) पासून युनिक_पीटीआर आणि शेअर्ड_पीटीआर हे दोन रॅपर भाषेच्या लायब्ररीतच आहेत. तरीही गेम इंजिन, ड्रायव्हर, स्वतःचा मेमरी साठा सांभाळणारे प्रोग्राम अशा ठिकाणी लोकांना स्वतःचा रॅपर लिहावा लागतो. आपल्या रॅपरचं नाव ‘चिठ्ठी<टी>’ ठेवू. टी म्हणजे आपण देऊ तो कोणताही प्रकार. आत एक ‘टी *’, आणि वाड्यात शिरण्यासाठी तारा (*) आणि बाण (->) ही दोन ऑपरेटर.

आता ‘कॉन्स्ट चिठ्ठी<खातं>’ असं कुणी लिहिलं, तर कंपायलर कोणतं बंधन घालतो? आतला पॉइंटर ‘खातं * कॉन्स्ट’ होतो, म्हणजे नुसतं लॅमिनेशन. खात्यावर काहीच बंधन नाही. ‘कॉन्स्ट युनिक_पीटीआर<इंट>’ मधूनही आतला अंक बिनदिक्कत बदलता येतो. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा बहुतेकांना धक्का बसतो.

मग एखादा काळजीवाहू प्रोग्रामर म्हणतो, मी तारा ऑपरेटर दोनदा लिहितो. चिठ्ठी साधी असेल तर ‘टी &’ (& म्हणजे रेफरन्स) देईन, चिठ्ठी कॉन्स्ट असेल तर ‘कॉन्स्ट टी &’ देईन. म्हणजे लॅमिनेट केलेली चिठ्ठी ज्याच्या हाती, त्याने वाड्यालाही हात लावायचा नाही. याला खोल कॉन्स्ट म्हणू. हेतू अगदी चांगला आहे, आणि पहिली प्रत निघेपर्यंत सगळं सुरळीत चालतं.

## झेरॉक्सच्या काचेवर

एखाद्या पतसंस्थेच्या प्रोग्राममध्ये ‘अहवाल छापा’ नावाचं फंक्शन आहे, असं धरा. त्याच्याकडे ‘कॉन्स्ट चिठ्ठी<खातं> &’ येते. वचन स्पष्ट आहे: हे फंक्शन खातं वाचेल, बदलणार नाही. आत कुणीतरी एक ओळ लिहितो:

चिठ्ठी<खातं> माझी = आलेली;

कॉपी कन्स्ट्रक्टर ‘कॉन्स्ट चिठ्ठी &’ घेतो, त्यामुळे त्याची काहीच हरकत नाही. ‘माझी’ मात्र कॉन्स्ट नाही, कारण ती तशी घोषितच केलेली नाही. मग छापताना आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून तो ‘माझी’मधून शिल्लक पूर्ण रुपयांत बसवतो. त्याच्या मनात तो स्वतःच्या प्रतीवर काम करतो आहे. पण प्रत चिठ्ठीची निघाली होती, खात्याची नाही. खातेदाराच्या मूळ नोंदीतले पैसे गेले, तेही फक्त वाचायचं वचन दिलेल्या फंक्शनमधून. अशी चूक महिनोन्महिने सापडत नाही, कारण शोधणारा माणूस फंक्शनची घोषणेची ओळ पाहतो, कॉन्स्ट वाचतो आणि ते फंक्शन संशयितांच्या यादीतून वगळतो.

लॅमिनेट केलेला कागद झेरॉक्सच्या काचेवर ठेवला, की बाहेर येतो तो साधा कागद. मजकूर उतरतो, प्लॅस्टिक उतरत नाही.

यात कॉपी कन्स्ट्रक्टरचं चुकलं कुठे? साध्या अंकाच्या बाबतीत हीच गोष्ट निरुपद्रवी आहे. कॉन्स्ट अंकाची प्रत काढून ती बदलली, तर मूळ अंक जागच्या जागी राहतो. प्रत स्वतंत्र असते, म्हणून तिच्यावरून कॉन्स्ट गळला तरी बिघडत नाही. व्हेक्टर, म्हणजे लायब्ररीतली वाढू शकणारी यादी, तोही तसाच: कॉन्स्ट व्हेक्टरमधले घटक बदलता येत नाहीत, म्हणजे कॉन्स्ट खोल आहे, पण त्याची प्रत काढताना सगळे घटकही नव्याने उतरवले जातात, म्हणजे प्रतही खोल आहे. नवा वाडाच बांधला जातो, मग तिथे काय हवं ते करा. शेअर्ड_पीटीआरची प्रत वरवरची असते, फक्त चिठ्ठीची, आणि त्याचा कॉन्स्टही वरवरचाच असतो. या दोन्ही जोड्या आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. आपल्या काळजीवाहू प्रोग्रामरने कॉन्स्ट खोल ठेवला आणि प्रत वरवरची. गळती या बेमेळ जोडीतून होते.

## कन्स्ट्रक्टरलाच कॉन्स्ट का म्हणता येत नाही?

बारकाईने वाचणारा इथे लगेच विचारेल: दोन कॉपी कन्स्ट्रक्टर लिहू. मूळ साधी असेल तर साधी प्रत, मूळ कॉन्स्ट असेल तर फक्त कॉन्स्ट प्रत बनवू द्या.

पहिला अर्धा भाग जमतो. पॅरामीटर ‘चिठ्ठी &’ आहे की ‘कॉन्स्ट चिठ्ठी &’, यावरून कंपायलर मूळ कागद ओळखतो. दुसरा अर्धा भाग सी++ मध्ये शक्यच नाही. वस्तू घडत असताना तिच्यात लिहावंच लागतं, म्हणून कन्स्ट्रक्टरवर कॉन्स्ट लावायला भाषा मनाई करते. शिवाय आपण घडवत असलेली वस्तू पुढे कॉन्स्ट म्हणून वावरणार आहे की नाही, हे कन्स्ट्रक्टरला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. झेरॉक्स काढून देणाऱ्याला तरी कुठे माहीत असतं, की तुम्ही तो कागद पुढे लॅमिनेट करणार आहात का? तो दुकानाबाहेरचा निर्णय आहे. सगळ्या प्रश्नाची गाठ इथे बसलेली आहे.

## पॅरामीटरमधला कॉन्स्ट काढून टाकला तर?

म्हणजे कॉपी कन्स्ट्रक्टरने फक्त ‘चिठ्ठी &’ घ्यायची. मग कॉन्स्ट चिठ्ठीची प्रतच निघणार नाही आणि गळती थांबेल. भाषेला हे चालतं. रेफरन्स मात्र हवाच. पॅरामीटरच प्रत म्हणून घ्यायचा ठरवला, तर प्रत काढण्यासाठी आधी प्रत काढावी लागेल, आणि हे संपणारच नाही.

या वाटेचा अनुभव सी++ ने घेतलेला आहे. १९९८ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मानकात ऑटो_पीटीआर नावाचा रॅपर होता. त्याची प्रत काढली की मालकी प्रतीकडे जायची आणि मूळ रिकामा व्हायचा. मूळ बदलायचा असल्याने कॉपी कन्स्ट्रक्टर कॉन्स्ट नसलेला रेफरन्स घेत असे. कारण आपल्याहून वेगळं, पण परिणाम तेच. फंक्शनमधून परत आलेली तात्पुरती वस्तू अशा रेफरन्सला जोडता येत नाही, म्हणून ऑटो_पीटीआर_रेफ नावाचा एक मदतनीस प्रकार मध्ये घालावा लागला. व्हेक्टरसारख्या साठ्यांत तो ठेवायला मनाई होती. सी++११ ने त्याला कालबाह्य ठरवलं आणि सी++१७ ने मानकातून काढून टाकलं.

तात्पुरत्या वस्तूंची अडचण आता मूव्ह कन्स्ट्रक्टरमुळे (प्रत न काढता आतला ऐवज नव्या वस्तूकडे सोपवणाऱ्या कन्स्ट्रक्टरमुळे) सुटते, हे खरं. पण दुसरी अडचण संसर्गाची आहे आणि ती तशीच राहते. एखाद्या क्लासमध्ये असा एक जरी सदस्य असेल, तर त्या क्लाससाठी कंपायलर आपणहून जो कॉपी कन्स्ट्रक्टर बनवतो, तोही कॉन्स्ट नसलेला रेफरन्स घेतो. ‘ग्राहक’मध्ये आपली चिठ्ठी, ‘शाखे’त ग्राहक, ‘बँके’त शाखा, वरपर्यंत कुणाच्याच कॉन्स्ट वस्तूची प्रत निघत नाही. ‘शाखा’ लिहिणाऱ्याला चिठ्ठीचं नावही ठाऊक नसतं, आणि चूक मात्र त्याच्या फायलीत दिसते. हा मार्ग घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

## शिक्का कागदावरच मारा

वचन प्लॅस्टिकवर होतं म्हणून प्रतीत उतरलं नाही. ते कागदावर शिक्क्याच्या रूपात असतं, तर झेरॉक्समध्येही उमटलं असतं. प्रोग्रामच्या भाषेत सांगायचं, तर बंधन वस्तूवर न ठेवता प्रकारात ठेवायचं. ‘चिठ्ठी<खातं>’ हा एक प्रकार आणि ‘चिठ्ठी<कॉन्स्ट खातं>’ हा दुसरा. पहिल्याच्या आत ‘खातं *’, दुसऱ्याच्या आत ‘कॉन्स्ट खातं *’. तारा ऑपरेटर आता एकदाच लिहायचा: तो स्वतः कॉन्स्ट, आणि देतो ‘टी &’. टी मध्येच कॉन्स्ट असेल, तर वाडा आपोआप बंद.

कॉपी कन्स्ट्रक्टर नेहमीसारखा ‘कॉन्स्ट चिठ्ठी &’ घेतो आणि बहुतेक वेळा तो हाताने लिहावाही लागत नाही. शिक्क्याच्या चिठ्ठीची प्रत शिक्क्याचीच निघते, मग ती हजार वेळा काढा. ‘अहवाल छापा’ने आता ‘चिठ्ठी<कॉन्स्ट खातं>’ घ्यायची. आत कुणी ‘चिठ्ठी<खातं> माझी = आलेली’ लिहिलं, तर कंपायलर तिथेच अडवतो.

एक दुवा उरला. मालकाकडे पूर्ण हक्काची चिठ्ठी आहे आणि ती त्याला या फंक्शनला द्यायची आहे. पूर्ण हक्काच्या चिठ्ठीवर शिक्का मारून पुढे देणं योग्य, शिक्का खरवडून काढणं अयोग्य. म्हणून एकाच दिशेने चालणारा कन्स्ट्रक्टर लागतो: ‘चिठ्ठी<यू>’ घेऊन ‘चिठ्ठी<टी>’ बनवणारा टेम्पलेट (अनेक प्रकारांसाठी एकदाच लिहिलेला साचा), पण फक्त ‘यू *’ चा ‘टी *’ आपोआप होत असेल तेव्हाच. ही अट सी++२० मध्ये ‘रिक्वायर्स’ने लिहिता येते, जुन्या कोडमध्ये ‘एनेबल_इफ’ने. शेअर्ड_पीटीआर हेच करतो. व्हेक्टरच्या इटरेटरचा (यादीतले घटक एकेक करून दाखवणाऱ्या वस्तूचा) कॉन्स्ट_इटरेटर होतो, उलटा होत नाही, ही त्याचीच दुसरी ओळखीची बाजू.

इथे तीन ठिकाणी पाय अडकतो. पहिलं, टेम्पलेट कन्स्ट्रक्टर हा भाषेच्या व्याख्येनुसार कधीच कॉपी कन्स्ट्रक्टर मानला जात नाही. म्हणून प्रतीच्या वेळी काही मोजायचं असेल, उदाहरणार्थ किती चिठ्ठ्या बाहेर आहेत, तर ते टेम्पलेटमध्ये लिहून भागत नाही. खरा कॉपी कन्स्ट्रक्टर वेगळा लिहावा लागतो. नाहीतर कंपायलर स्वतःचा बनवेल आणि तुमची मोजणी चुकेल. दुसरं, ‘चिठ्ठी<खातं>’ आणि ‘चिठ्ठी<कॉन्स्ट खातं>’ एकाच साच्यातून निघाले तरी कंपायलरसाठी परके आहेत. एकाला दुसऱ्याचे खासगी सदस्य दिसत नाहीत. फ्रेंड (खासगी सदस्य पाहायची परवानगी असलेला) घोषित करा किंवा ‘गेट’सारखं फंक्शन ठेवा. तिसरं, ‘यू &&’ घेणारा, कशालाही होकार देणारा टेम्पलेट कन्स्ट्रक्टर लिहू नका. मूळ चिठ्ठी कॉन्स्ट नसेल, तर तो खऱ्या कॉपी कन्स्ट्रक्टरपेक्षा जास्त जवळचा ठरतो आणि त्याच्या हातचं काम ओढून घेतो.

## चिठ्ठ्यांची अख्खी यादी का बदलत नाही?

एका चिठ्ठीवर शिक्का मारता येतो, मग ‘व्हेक्टर<चिठ्ठी<खातं>>’ हा ‘व्हेक्टर<चिठ्ठी<कॉन्स्ट खातं>>’ म्हणून का देता येत नाही? हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथे भाषेचा हट्ट वाटतो, पण ते असतं तिचं शहाणपण.

मालकाकडे पूर्ण हक्काच्या चिठ्ठ्यांची वही आहे. तीच वही मी ‘ही शिक्क्याच्या चिठ्ठ्यांची वही आहे’ असं म्हणून तुमच्या हाती दिली. तुमच्याकडे एका वेगळ्याच वाड्याची शिक्क्याची चिठ्ठी आहे, ती तुम्ही वहीत घातली. तुमच्या दृष्टीने ते नियमात बसतं. आता मालक वही उघडतो. त्याच्या लेखी वहीतली प्रत्येक चिठ्ठी पूर्ण हक्काची. तो ती काढतो, त्या दुसऱ्या वाड्यात जातो आणि भिंत पाडतो. कुणीही नियम मोडला नाही, तरी शिक्का गेला. ‘इंट **’ चा ‘कॉन्स्ट इंट **’ होत नाही, तोही नेमका याच कारणाने. गरजच असेल तर शिक्क्याच्या चिठ्ठ्यांची नवी यादी करावी. तिला वेळ आणि जागा लागते. ती किंमत खरी आहे.

## प्रतीवरच बंदी घातली तर? किंवा वाडाच नवा बांधला तर?

दोन्ही मार्ग रास्त आहेत, आणि दोन्ही त्या प्रत आणि कॉन्स्टच्या जोडीचा मेळ घालतात.

खोल कॉन्स्ट हवाच असेल, तर प्रत बंद करता येते. सी++ च्या प्रायोगिक लायब्ररीत प्रोपगेट_कॉन्स्ट नावाचा रॅपर आहे. तो कॉन्स्ट वाड्यापर्यंत पोचवतो आणि त्याचा कॉपी कन्स्ट्रक्टर मुद्दाम पुसून टाकलेला आहे. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात सोपवता येते, झेरॉक्स निघत नाही. एखाद्या क्लासचा आतला भाग पॉइंटरमागे लपवून ठेवायचा असतो, तेव्हा तो उपयोगी पडतो. दुसरी बाजू सी++२६ मधल्या ‘इनडायरेक्ट’ची: प्रत काढली की आतली वस्तूही नवी होते, आणि कॉन्स्टही खोल जातो.

सुरुवातीच्या अहवालातल्या वादाचा धागा इथे जुळतो. मेमरी-सुरक्षित भाषांत हल्ली ज्या रस्टचं नाव सतत घेतलं जातं, तिच्यात वाचण्याचा संदर्भ हवा तितक्या वेळा उतरवता येतो. बदलण्याचा हक्क देणारा संदर्भ उतरवता येत नाही, फक्त सोपवता येतो किंवा थोड्या वेळापुरता उसना देता येतो. आपण वर जी जोडी हाताने जुळवली, ती तिथे भाषेनेच जुळवून ठेवली आहे. सी++ मध्ये ती जबाबदारी रॅपर लिहिणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून इथे ही जोडी जुळवायला शिकणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

## पण ‘कॉन्स्ट_कास्ट’ने शिक्का खरवडता येतोच ना?

येतो. आणि मूळ वस्तूच कॉन्स्ट म्हणून जन्मलेली असेल, तर तसं करून तिच्यात लिहिण्याचा परिणाम काय होईल याची भाषा कोणतीही हमी देत नाही. तरी दोन्हींत फरक मोठा आहे. कॉन्स्ट_कास्ट हा शब्द फायलीत दिसतो, शोधला की सापडतो, आणि लिहिणाऱ्याला ‘हे का केलं?’ असं विचारता येतं. झेरॉक्सवाल्या गळतीत शोधायला शब्दच नसतो. चार चौघांसारखी दिसणारी एक प्रत असते, बस्स.

रॅपर लिहून झाला, की त्याच फायलीत तीन स्टॅटिक_असर्ट (कंपायलर स्वतःच तपासतो अशी विधानं) घाला. ‘चिठ्ठी<इंट>’ची ‘चिठ्ठी<कॉन्स्ट इंट>’ होते का? उत्तर हो यायला हवं. उलट होते का? नाही यायला हवं. ‘कॉन्स्ट चिठ्ठी<इंट>’ची प्रत निघते का? हो. यातली मधली ओळ सगळ्यात कामाची. टेम्पलेटवरची ‘यू * चा टी * होत असेल तेव्हाच’ ही अट लिहायला तुम्ही विसरला असाल, तर कन्स्ट्रक्टरची नुसती घोषणा पाहून कंपायलर या प्रश्नाला ‘हो’ म्हणेल, आणि रॅपर एकदाही वापरला जाण्याआधीच चूक त्या ओळीवर दिसेल.